माशाच्या कोलॅजेनपासून बायोप्रिंटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सागरी कोलॅजेन म्हणजे नेमकं काय?

माशांची कातडी, खवले, काटे, पोहण्याच्या पिशव्या, तसंच जेलीफिश आणि स्पंज यांच्यापासून मिळणारं कोलॅजेन. बायोप्रिंटिंगमध्ये, म्हणजे जेल आणि पेशींची 'शाई' थराथराने छापून ऊतकासारखी वस्तू घडवण्यात, बहुतेक वेळा माशाच्या कातडीतलं किंवा खवल्यांतलं पहिल्या प्रकारचं कोलॅजेनच वापरतात. आपल्या त्वचेत, हाडांत आणि स्नायुबंधांतही हाच प्रकार असतो. रेणूची ठेवणही तीच: तीन साखळ्यांचा पीळ, लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर, प्रत्येक साखळी साधारण १०० किलोडाल्टनची.

'सागरी' हा शब्द मात्र सैल अर्थाने घ्यायचा. तिलापिया, रोहू, कटला हे गोड्या पाण्यातले मासे, पण त्यांचं कोलॅजेनही याच नावाखाली विकलं जातं.

गाईचं आणि डुकराचं कोलॅजेन सहज मिळत असताना माशाच्या मागे का लागायचं?

पहिलं कारण रोगांचं. १९८६ साली ब्रिटनमध्ये गुरांचा बीएसई ('मॅड काऊ') हा आजार ओळखला गेला आणि गाईपासून बनणाऱ्या वैद्यकीय पदार्थांचा उगम तपासणं अनिवार्य होऊन बसलं, कारण त्यामागचे प्रिऑन, म्हणजे चुकीची घडी पडलेली प्रथिनं, नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला दाद देत नाहीत. दुसरं कारण धार्मिक: गाय किंवा डुक्कर वर्ज्य असलेल्या रुग्णाला मासा बहुधा चालतो. तिसरं म्हणजे कच्चा माल आधीच फेकला जातोय. रत्नागिरीच्या सुरिमी (माशाच्या मांसाचा धुतलेला लगदा) कारखान्यांत राणी माशाचं मांस काढून घेतल्यावर कातडी आणि काटे उरतात. भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी (म्हणजे तिलापिया) साफ केली की खवल्यांचे ढीग पडतात.

पण माशाचं कोलॅजेन स्वस्त आहे म्हणून सरसकट चांगलं आहे, असं समजू नका. उष्णतेच्या बाबतीत ते सस्तन प्राण्यांच्या कोलॅजेनपेक्षा नाजूक असतं. खाली येणारी जवळपास प्रत्येक अडचण फिरून त्याच मुद्द्यावर येते.

मग मासा कोणता निवडायचा?

त्या माशाच्या पाण्याचं तापमान बघून. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे त्याचं कोलॅजेन तो राहतो त्या पाण्याहून थोड्या जास्त तापमानापर्यंतच टिकेल असं घडलेलं असतं. ही टिकण्याची ताकद मुख्यतः हायड्रॉक्सीप्रोलीन या अमिनो आम्लामुळे येते. थंड समुद्रातल्या कॉड माशात ते कमी, म्हणून त्याच्या द्रावणातला तिहेरी पीळ १५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उलगडतो. सॅमनचा १९ अंशांच्या जवळपास. तिलापिया, रोहू, कटला अशा उष्ण पाण्यातल्या माशांचा ३२ ते ३६ अंशांच्या दरम्यान. गाईच्या कोलॅजेनचा ३९-४० अंशांना.

पेशी वाढतात ३७ अंशांवर. तेव्हा पेशींसह छापायचं असेल तर तिलापिया किंवा कार्प कुळातला मासा घ्या. सुरुवात करणाऱ्याने कॉड-सॅमनच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडच्या धरणातला मासा या कामी उत्तर अटलांटिकच्या माशाला भारी पडतो. एकदा निवडलेला मासा, गाव आणि हंगाम बदलू नका. दर खेपेला वेगळ्या बाजारातून वेगळ्या जातीचे मिश्र खवले आणले तर एका बॅचची शाई दुसरीशी कधीच जुळणार नाही.

तिलापियाचं कोलॅजेनही ३७ अंशांच्या आतच उलगडतं. मग इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यावर वितळणार नाही का?

वर दिलेले आकडे सुट्या रेणूंचे, म्हणजे पातळ द्रावणाचे आहेत. रेणू एकमेकांना चिकटून धागे तयार झाले की उष्णता सोसण्याची ताकद बरीच वाढते. सस्तन प्राण्याचा सुटा रेणू ४० अंशांना उलगडतो, पण त्याच प्राण्याचा कंडरा ६० अंशांच्या पुढे आकसायला लागतो. आइसलँडच्या केरेसिस कंपनीची कॉडच्या कातडीची मलमपट्टी जखमेवर लावतात, तिला अमेरिकेच्या एफडीएची परवानगी २०१३ साली मिळाली. कॉडचा सुटा रेणू शरीराच्या उष्णतेत एक मिनिटही टिकला नसता. तिथे तो नैसर्गिक विणीत आणि गाठींत बांधलेला असतो, म्हणून निभावतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी थंडीत छापा, मग २६ ते ३० अंशांवर धागे जुळू द्या, मग रेणूंना एकमेकांशी जोडणाऱ्या रासायनिक गाठी (क्रॉसलिंक) मारा आणि शेवटी ३७ अंशांवर न्या. गाईच्या कोलॅजेनच्या सवयीने छापल्या छापल्या थेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये टाकलं तर धागे जुळण्याआधीच रेणू उलगडतात आणि हाती जिलेटिनचं पाणी येतं.

दुकानात मिळणारी 'मरीन कोलॅजेन' पावडर चालेल का?

नाही. ती पाचकरसांनी तोडलेली पेप्टाइड असतात, काही हजार डाल्टनची. तिहेरी पीळ शिल्लक नसतो, त्यामुळे धागे होत नाहीत आणि जेलही होत नाही. कॉफीत घालायला ठीक.

खवल्यांतून कोलॅजेन काढायची पद्धत काय?

पूर्ण प्रक्रिया ४ अंशांवर, थंड खोलीत किंवा मोठ्या फ्रिजमध्ये. ताजे खवले गार पाण्यात पाच-सहा वेळा धुवा. लगेच वापरायचे नसतील तर उणे २० अंशांवर ठेवा.

पहिल्यांदा इतर प्रथिनं काढायची. एक भाग खवले आणि दहा भाग ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, २४ तास हलवत ठेवा, दर सहा-आठ तासांनी द्रावण बदला. मग पाणी उदासीन होईपर्यंत धुवा. कातडी वापरत असाल तर यानंतर १० टक्के ब्युटाइल अल्कोहोलमध्ये एक दिवस ठेवून चरबी काढावी लागते. खवल्यांना याची फारशी गरज नसते, पण चिलापीच्या खवल्यांना कातडीचे तुकडे चिकटलेले असतील तर ही पायरी गाळू नका. राहिलेली चरबी पुढे कुजकट वास आणि पिवळेपणा देते, आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

खवल्यांचा मोठा भाग खनिजाचा असतो. तो काढायला ०.५ मोलर ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन), पीएच ७.४, दोन दिवस, रोज बदलून. बोटांत धरल्यावर खवला कडक न लागता ओल्या प्लॅस्टिकच्या कागदासारखा वाकला की खनिज गेलं. इथे घाई झाली तर पुढे आम्लात काहीच विरघळत नाही आणि दोष आम्लाला दिला जातो.

आता ०.५ मोलर ॲसेटिक आम्ल, खवल्यांच्या दहा ते वीस पट, तीन दिवस हलवत. द्रव दाट, चिकट होतो. कापडातून गाळून सेंट्रिफ्यूज करा. गाळलेल्या द्रवात मीठ घालत जा, साधारण ०.९ मोलर सोडियम क्लोराइडला कोलॅजेन पांढऱ्या धाग्यांसारखं बाहेर पडतं. मीठ चमच्याचमच्याने, सतत ढवळत घाला. एकदम ओतलं तर गोळे होतात आणि आत मीठ अडकून बसतं. १०,००० ते १५,००० जी वर अर्धा तास फिरवून गाळ घ्या, थोड्या ०.५ मोलर ॲसेटिक आम्लात विरघळवा, १२-१४ किलोडाल्टनच्या डायलिसिस पिशवीत भरा. आधी ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात एक दिवस, मग शुद्ध पाण्यात दोन दिवस, पाणी सहा-सात वेळा बदलून. शेवटी गोठवून निर्वात वाळवणी. मिळणारा पदार्थ कापसासारखा पांढरा आणि हलका हवा. खवल्यांतून उतारा कमी मिळतो, कातडीतून बराच जास्त.

पेप्सिन वापरावं की नुसतं आम्ल?

नुसत्या आम्लाने काढलेल्या कोलॅजेनला दोन्ही टोकांचे सुटे तुकडे, म्हणजे टेलोपेप्टाइड, शाबूत असतात. धागे भराभर आणि घट्ट जुळतात, पण उतारा कमी. पेप्सिन हे पोटातलं पाचक विकर घातलं की ही टोकं तुटतात, उतारा वाढतो, रोगप्रतिकार शक्तीला खटकणारा भागही कमी होतो. बदल्यात जेल हळू जमते आणि मऊ राहते.

बायोप्रिंटिंगसाठी आमची पसंती पेप्सिनवाल्याला आहे. शाई बर्फावर असताना हळू जमणं हा इथे गुणच, कारण हाताशी वेळ राहतो. कणखरपणा नंतर गाठी मारून आणता येतो, नोझलमध्ये जमलेली शाई मात्र परत पातळ होत नाही. पेप्सिनचं काम संपलं की पीएच ८ च्या वर नेऊन ते निष्क्रिय करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या आम्लात ते परत कामाला लागतं.

मिळालेलं कोलॅजेन आहे की जिलेटिन, हे कसं ओळखायचं?

एसडीएस-पेज (प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारी चाचणी) जेलवर अल्फा-१ आणि अल्फा-२ या सुट्या साखळ्यांच्या पट्ट्या साधारण दोनास एक प्रमाणात आणि वर २०० किलोडाल्टनच्या आसपास बीटाची, म्हणजे जोडलेल्या दोन साखळ्यांची, पट्टी दिसली पाहिजे. खालपर्यंत पसरलेला डाग म्हणजे साखळ्या तुटल्या आहेत. पण एवढ्यावर समाधान मानू नका. या चाचणीत नमुना उकळला जातो, त्यामुळे न तुटता नुसतं उलगडलेलं जिलेटिनही जवळजवळ असंच दिसतं. पीळ शाबूत आहे का, हे सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम) वर्णपट सांगतो: २२१ नॅनोमीटरच्या आसपास छोटा धन उंचवटा आणि १९७-१९८ ला खोल ऋण दरी. नमुना हळूहळू तापवत तो उंचवटा कधी नाहीसा होतो ते नोंदवा. तेच तुमच्या बॅचचं उलगडण्याचं तापमान. हा आकडा डब्यावर लिहून ठेवा. पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर ठरतं.

सीडी यंत्र जवळ नसेल तर साधी कसोटी अशी: उदासीन केलेलं थोडं द्रावण २८ अंशांवर ठेवा. कोलॅजेन असेल तर ते दुधाळ होत जमतं. जिलेटिन असेल तर पारदर्शकच राहतं.

शाई कशी बनवायची? मापं सांगा.

वाळवलेलं कोलॅजेन २० मिलिमोलर ॲसेटिक आम्लात विरघळवा, दर मि.लि.ला १५ मि.ग्रॅ. विरघळायला ४ अंशांवर एक-दोन दिवस लागतात. द्रावण इतकं दाट होतं की चुंबकी ढवळणी अडकते, म्हणून बाटली फिरत्या रोलरवर ठेवा. वाळवलेल्या कापसातही दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा असू शकतो. तो मोजून वजन तितकं वाढवून घ्या.

१० मि.लि. शाईसाठी बर्फावर ठेवलेलं हे द्रावण ८ मि.लि., दसपट तीव्र फॉस्फेट बफर १ मि.लि., १ मोलर हेपीस (पीएच स्थिर ठेवणारं आणखी एक बफर) ०.२ मि.लि., १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे ०.१६ मि.लि., आणि ०.६४ मि.लि. माध्यमात ५ कोटी पेशी. कोलॅजेन १२ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. उरतं आणि पेशी प्रत्येक मि.लि.त ५० लाख. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला, पीएच ७.२ ते ७.४ वर आला की थांबा, आणि पेशी सगळ्यात शेवटी.

इथली नेहमीची चूक म्हणजे कोलॅजेन ०.५ मोलर आम्लातच ठेवून शाई करणं. तेव्हा तेवढ्याच ८ मि.लि.ला उदासीन करायला ४ मि.लि. सोडियम हायड्रॉक्साइड लागतं: शाई पातळ होतेच, शिवाय त्यातून तयार होणाऱ्या सोडियम ॲसिटेटमुळे खारेपणा इतका वाढतो की पेशी आकसून मरतात. पीएच मीटर मात्र ७.४ च दाखवत असतो.

मिसळण्यासाठी दोन सिरिंज लुअर जोडणीने जोडून ३०-४० वेळा इकडून तिकडे ढकला. बुडबुडे घालवायला थंड सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी वर एक मिनिट. जास्त वेळ फिरवलं तर पेशीच तळाला बसतात. तयार शाई बर्फावर अर्ध्या तासात संपवा.

नुसत्या कोलॅजेनची रेघ पसरते. अल्जिनेट मिसळावं का?

मिसळावं. एवढं पातळ कोलॅजेन स्वतःचं वजन पेलत नाही. २ ते ३ टक्के अल्जिनेट (समुद्री शेवाळातला जेल होणारा पदार्थ) घातलं की रेघ उभी राहते आणि छापल्यावर १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये ५ मिनिटं ठेवल्यावर लगेच घट्ट होते. त्या आधारावर कोलॅजेनला सावकाश धागे जुळवायला वेळ मिळतो.

एक पथ्य पाळा: अल्जिनेट-कॅल्शियम पद्धत वापरणार असाल तर शाईत फॉस्फेट बफर नको. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की पांढरा साका बसतो, आणि तो धाग्यांचा दुधाळपणा समजून लोक खूश होतात. वरच्या मापातलं दसपट बफर मग दसपट मिठाचं आणि हेपीसचं घ्या. माध्यमात राहून अल्जिनेटमधलं कॅल्शियम काही दिवसांत निघून जातं, म्हणून आठवड्यानंतरचा कणखरपणा कोलॅजेनच्या गाठींवरच अवलंबून राहतो.

दुसरा मार्ग आधार-द्रावात छापण्याचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये आम्लातलं कोलॅजेन जिलेटिनच्या बारीक कणांच्या उदासीन लगद्यात सोडून हृदयाच्या भागांचे नमुने छापले. रेघ २० मायक्रॉनपर्यंत बारीक होती. लगद्यात शिरताच पीएच बदलून कोलॅजेन जागच्या जागी जमतं. पण शेवटी लगदा वितळवायला सगळं ३७ अंशांवर न्यावं लागतं, आणि थंड समुद्रातल्या माशाचं कोलॅजेन असेल तर लगद्याबरोबर छापलेली वस्तूही विरघळते. अशा वेळी धुऊन निघणारा लगदा, उदाहरणार्थ ॲगरोजच्या कणांचा, बरा. शिवाय आम्लातल्या कोलॅजेनमध्ये पेशी घालता येत नाहीत. त्यांची शाई वेगळी ठेवावी लागते.

प्रिंटरचे आकडे कुठून सुरू करू?

शाईची नळी ४ ते ८ अंश, तळपाट १५ अंश, २५ गेजचं शंकूच्या आकाराचं नोझल म्हणजे आतून सुमारे ०.२५ मि.मी., वेग ५ ते ८ मि.मी. प्रति सेकंद, थराची उंची ०.२ मि.मी. दाब २० किलोपास्कलपासून पाच-पाचने वाढवा. लांब सरळ सुई टाळा. त्याच दाबाला तीत पेशींवर घर्षण जास्त वेळ राहतं.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत थंड नोझलवर पाणी सुटतं, थेंब छापावर पडतो आणि तिथे रेघ फुटते. प्रिंटरचा कक्ष कोरडा ठेवा किंवा दर काही थरांनंतर टोक टिपून घ्या. नोझल पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर दाब वाढवण्याआधी टोकाचं तापमान बघा. नळी थंड असते, पण बाहेर आलेलं धातूचं टोक खोलीइतकं गरम असतं आणि शाई तिथेच जमते.

गाठी मारायला काय वापरावं?

पेशी आत आहेत की नाही, यावर ठरवा. पेशी नंतर पेरायच्या असतील तर ईडीसी आणि एनएचएस ही साखळ्या जोडणारी रसायनं उत्तम: ५० मिलिमोलर ईडीसी, पीएच ५.५ च्या एमईएस बफरमध्ये, ४ अंशांवर रात्रभर, मग दिवसभर धुणं. पेशी आत असतील तर हे चालणार नाही. तेव्हा सूक्ष्मजीवांपासून मिळणारं ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर, किंवा रायबोफ्लेविन आणि निळा प्रकाश. जेनिपिन हे वनस्पतीतून मिळणारं जोडरसायन कमी मात्रेत पेशी सोसतात, पण त्याला कित्येक तास लागतात आणि वस्तू गडद निळी होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत चाचण्या वाचणं अवघड जातं.

माशाच्या जिलेटिनचं जेलमा (प्रकाशाने घट्ट होईल असं रासायनिक बदल केलेलं जिलेटिन) हा सोपा पर्याय नाही का?

बऱ्याच कामांना आहे. पीळ आधीच उलगडलेला असल्याने तापमानाची भीती राहत नाही. प्रकाशाने घट्ट होतं: १० टक्के जेलमा, ०.२५ टक्के एलएपी (प्रकाश पडताच घट्ट होणं सुरू करणारं रसायन), ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश अर्धा-एक मिनिट. थंड समुद्रातल्या माशाचं जिलेटिन खोलीच्या तापमानाला जमत नाही, त्यामुळे डीएलपी प्रिंटरच्या (द्रवावर प्रकाशाचं चित्र पाडून छापणाऱ्या) कुंडीत ते तासन् तास पातळ राहतं. नोझलवाल्या प्रिंटरमध्ये मात्र हाच पातळपणा नडतो. कोलॅजेनच्या धाग्यांची वीण यात मिळत नाही. पेशींना त्या विणीवरून रांगायचं असेल, जसं कंडरा किंवा डोळ्याच्या पारपटलात असतं, तर जेलमा कमी पडतं.

निर्जंतुक कसं करायचं?

ऑटोक्लेव्ह केलंत तर जिलेटिन झालं. गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात. दाट द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जात नाही. उरतो मार्ग असा: पातळ असताना, दर मि.लि.ला १-२ मि.ग्रॅ.वर, गाळून घ्यायचं आणि पुढची वाळवणी निर्जंतुक भांड्यांत करायची. किंवा द्रावणाच्या तळाशी एक दशांश क्लोरोफॉर्मचा थर सोडून रात्रभर ४ अंशांवर ठेवायचं, न ढवळता, आणि वरचं द्रावण काढून घ्यायचं; बाटली काचेची हवी.

जंतू मेले तरी त्यांच्या भित्तिकेतली विषं, म्हणजे एंडोटॉक्सिन, उरतात, आणि बाजारातल्या खवल्यांना आतड्यांचा संसर्ग लागलेला असतोच. ती मोजणारी एलएएल चाचणी करा. वैद्यकीय साधनाच्या अर्कासाठी सर्वसाधारण मर्यादा दर मि.लि.ला ०.५ एकक आहे.

छापलेला तुकडा तिसऱ्या दिवशी निम्मा झाला. वितळला की आकसला?

यासाठीच प्रत्येक वेळी पेशीविरहित जोडीदार छापून त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा. दोन्ही लहान झाले, कडा गोलसर आणि मऊ पडल्या, तर दोष तापमानाचा किंवा अपुऱ्या गाठींचा. बिनपेशींचा जसाच्या तसा आणि पेशींचा आकसून घट्ट, अपारदर्शक झाला, तर फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतकातल्या पेशी) धागे ओढताहेत. तेव्हा पेशी कमी करा किंवा कडा चौकटीत अडकवा. पेशींचा आकसला नाही पण आतून पोकळ होत गेला, तर पेशींनी सोडलेली विकरं कोलॅजेन खात आहेत. गाठी वाढवणं हाच उपाय.

माशाची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला धोका आहे का?

माशाच्या ॲलर्जीचं मुख्य कारण पार्व्हाल्ब्युमिन. ते स्नायूंत असतं आणि नीट धुतलेल्या खवल्यांत फारसं उरत नाही. पण काही जणांना माशाच्या कोलॅजेनचीच ॲलर्जी असते. त्यामुळे 'शुद्ध आहे, चालेल' असं म्हणता येत नाही.

शाकाहारी रुग्णांचं काय?

मासा हा मासाच. त्यांच्यासाठी तंबाखूच्या रोपात बनवलेलं मानवी कोलॅजेन आहे; इस्रायलची कॉलप्लांट ते बनवते.

भारतात हे रुग्णावर वापरायचं तर कुठले नियम लागतात?

पेशी नसलेला साचा असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७. त्यात पेशी आल्या की प्रकरण नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ कडे जातं, आणि मूलपेशी असतील तर आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही पाळावी लागतात. सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामकाकडे जाताना सगळ्यात आधी कच्च्या मालाचा माग विचारला जाईल: कोणता मासा, कुठलं पाणी, कोणत्या तारखेचा, पारा आणि आर्सेनिक किती. म्हणून खवल्यांच्या पहिल्या पोत्यापासूनच वही ठेवा. ही माहिती मागाहून गोळा करता येत नाही.